रक्त देईपर्यंत गोळी नाही

अख्ख्या नागपुरात ग्रंथींच्या रोगातलं माझ्याएवढं समजणारा माणूस तुम्हाले शोधून सापडणार नाही. माझ्या सोताच्या गळ्यात लिंबाएवढी थायरॉइडची गाठ तीन वर्षं बसेल होती, अन् ते मले एका पेशंटनं सांगतलं.

त्या बाईचा नंबर चौदा होता. मी दारात उभा राहून "चौदाऽ, चौदा कोण आहे?" असा बोंबललो, तं ती उठता उठता थांबली अन् म्हणे, "भाऊ, तुम्ही ओरडता तवा तुमच्या गळ्यात काहीतरी वर-खाली होते. आधी तुमचाच नंबर लावा." अख्खा बाक हसला. आमच्या डॉक्टर साहेबांनी मले त्याच दिवशी आत बसवलं, पाण्याचा गिलास हातात देला अन् म्हणे, "गीळ." घोट गिळताना गाठ वर सरकते, तीच पाह्याची असते. इतके वर्षं तोच गिलास लोकायच्या हातात देऊन "गिळा" म्हणणारा मीच होतो. माझ्या हातून गिलास सांडला.

तं मी सुखदेव. राहतो नंदनवन मोहल्ल्यात. शाळेच्या आवारात मी गेलो ते फक्त मतदान कराले. हे मी बोलून राहिलो अन् माझी सून फोनवर टाइप करून राहिली. मधात मधात ती म्हणते, "बाबा, हे नका न सांगू." जे नका म्हणते तेच सांगाचं, असं मी ठरवलं आहे.

काम काय, तं हार्मोनच्या डॉक्टरच्या दवाखान्यात दारावरचा माणूस. नंबर पुकारणं, वजन करणं, उंची मोजणं, पोटाले टेप लावणं, अन् रक्ताच्या नळ्या बर्फाच्या डब्यात घालून लॅबवर पळवणं. काही काही हार्मोन इतके नाजूक असते का बर्फात नाही ठेवले तं रस्त्यातच मरून जाते. म्हणून लाल रंगाचा एक डबा चोवीस घंटे माझ्या खांद्यावर. मोहल्ल्यातले पोट्टे मले कुल्फीवाला म्हणत.

बाहेरच्या माणसाले समजावं म्हणून सांगतो. आमच्याकडं पाणी सोडणारा माणूस येते, रस्त्यातली चावी फिरवते अन् जाते. तो कोणाले दिसत नाही. पण एक दिवस त्यानं चावी नाही फिरवली, तं अख्खा मोहल्ला गुंड-बादल्या घेऊन रस्त्यावर. ग्रंथी म्हणजे तशीच चावी. थेंबभर रस, थेट रक्तात. गळ्यात फुलपाखरासारखी बसेल आहे ती थायरॉइड. मेंदूच्या खाली तुरीच्या दाण्याएवढी आहे, ती सगळ्यायची मुकादम. अन् दोन किडन्यांच्या डोक्यावर टोप्या घातल्यासारख्या दोन ग्रंथी आहे. त्यायले अॅड्रिनल म्हणते. कुत्रं मागं लागलं की ह्या टोप्या उघडते. छाती धडधडते, तोंडाले कोरड पडते, पाय आपोआप पळते. पण त्याच टोप्या रोज गुपचूप अजून एक रस सोडते, अन् त्याच्यावर माणूस उभा राहते. तो नसला तं बीपी खाली, साखर खाली, अंगातलं मीठ वाहून जाते, अन् माणूस कंदिलासारखा विझते. आवाज नाही, बोंब नाही.

हे सारं मले कसं माहीत? दाराच्या फटीतून. साहेब आत पेशंटले समजावून सांगे, मी बाहेर ऐकत राहो. अन् मंग बाकावर बसेल लोकायले तेच सांगो, थोडं मीठ-मसाला लावून. लोक मले "छोटे डॉक्टर" म्हणे. मी "नाही जी, नाही जी" म्हणो, पण पेन खिशाले लावून फिरो. लिहिता येत नव्हतं, तरी पेन.

त्याचे परिणाम एकदा असे झाले. चोवीस घंट्याची लघवी जमा कराची एक तपासणी असते. मोठा डबा द्यावा लागते, सकाळची पहिली फेकाची, मंग दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंतची सगळी त्याच्यात. मी एका माणसाले डबा देला अन् घाईत म्हणलं, "भरून आणा." तो हुडकेश्वरचा होता, भला माणूस. दुसऱ्या दिवशी डबा गळ्यापर्यंत भरून घेऊन आला. साहेब पाहतच राहिले. इतकी लघवी तं बैलाची बी होत नाही. तो म्हणे, "साहेब, माझ्याच्यानं अर्धाच भरला. तुमचा माणूस म्हणे भरून आणा, मंग भावानं मदत केली." त्या डब्यात दोन भावायचे हार्मोन एकत्र राहून राहिले होते. साहेब त्या दिवशी हसले. मी बी हसलो. तवाच रडलो असतो तं बरं झालं असतं. माणूस डबा भरून आणते, कारण आपण भरून आण म्हणतो. हे मले तवा समजाले पाह्यजे होतं.

आता वच्छलाबाईची गोष्ट.

ह्या बाई नरखेड तालुक्यातल्या. संत्र्याची कलमं बांधते. जंबेरीच्या, म्हणजे रानलिंबाच्या, रोपाले चाकूनं चीर देऊन त्यात संत्र्याचा डोळा बसवाचा अन् पट्टी गुंडाळाची. ज्याचा हात इकडचा तिकडं झाला त्याचा डोळा मेला. वच्छलाबाईचा डोळा मरत नाही अशी पंचक्रोशीत ख्याती. जसं सांगतलं तसं, जेवढं सांगतलं तेवढं, असा तिचा हात अन् असाच सोभाव.

पहिल्यांदा आली तवा नवऱ्याच्या, देवरावजीच्या, खांद्याले धरून आली होती. वर्षभरापासून अशक्तपणा, वजन उतरलं, चक्कर. कोणी रक्त कमी सांगतलं, कोणी मनाचा रोग. मी वजन कराले तिचा हात धरला, तं तळहाताच्या रेषा काळ्याकुट्ट. मले चूप राहता येत नाही. मी म्हणलं, "बाई, कोळशाच्या वखारीत कामाले आहे का?"

ती म्हणे, "नाही जी, कलमं बांधते. धुतल्यावर बी जात नाही."

"काही खावंसं वाटते का?"

देवरावजी म्हणे, "लोणच्याचं मीठ चाटते, भाऊ. बरणीत हात घालून."

तेवढ्यात आतून साहेबाचा आवाज. "सुखदेव, कोणाच्या हाताच्या रेषा काळ्या आहेत?" साहेब सोता बाहेर आले, तिचे हात पाहिले, हिरड्या पाहिल्या, अन् नंबर सोडून तिले आत घेतलं. तिच्या किडन्यांवरच्या त्या दोन टोप्या सुकून गेल्या होत्या. थायरॉइड बी ढिली होती. साहेबांनी दोन गोळ्या देल्या. एक बाटलीतली, थायरॉइडची. दुसरी पट्टीतली, टोप्यायच्या बदली. महिन्याभरात बाई अशी सुधारली का देवरावजी टोपलीभर संत्री घेऊन आला अन् अख्ख्या बाकाले सांगत सुटला, "ह्या भाऊनं हातावरून रोग ओळखला!"

मी "नाही जी, नाही जी" म्हणलं. पण त्या दिवशी घरी जाऊन मी बायकोचे हात पाहिले, शेजाऱ्याचे पाहिले, दूधवाल्याचे बी पाहिले. लहर आली होती न!

साहेबांनी वच्छलाबाईले एक गोष्ट तीनदा सांगतली होती, मी फटीतून ऐकेल आहे. "बाटलीतली गोळी आठ दिवस चुकली तरी चालेल. पट्टीतली एक दिवससुद्धा चुकायची नाही. ताप असो, उपास असो, घरात लग्न असो."

तपासणीची वेळ आली. साहेबांनी चिठ्ठीवर इंग्रजीत लिहून देलं अन् मले म्हणे, "मंगळवारी सकाळी रिकाम्या पोटी. थायरॉइडची गोळी रक्त दिल्यावर घ्यायची, सांग त्यांना." बाकावर तीस माणसं. थायरॉइडवाल्या प्रत्येकाले मी एकच वाक्य सांगत होतो, वर्षानुवर्षं, पोपटासारखं. तेच तिलेही सांगतलं. "रक्त देईपर्यंत गोळी नाही."

ती थांबली. "पट्टीतली बी नाही का, भाऊ?"

हा प्रश्न मले आजही ऐकू येते. ती विचारत होती. मीच "थांबा, साहेबाले विचारतो" म्हणाचं होतं. आत जाले चार पावलं लागत होती. पण बाकावरचे लोक माझ्याकडं पाहून राहिले होते, अन् छोटा डॉक्टर काय विचाराले जाईन? मी म्हणलं, "कोणतीच नाही. सांगून राहिलो न मी."

मंगळवारी ती पहाटच्या एसटीनं उपाशीपोटी आली. पण सोमवारी सांजच्याले साहेबाची माय आजारी पडली अन् साहेब तिकडं परगावी गेले. रक्त काढणारी पोरगी पोळ्याच्या सुट्टीवर. मी दारात उभा राहून सगळ्यायले परत पाठवून राहिलो होतो. "शुक्रवारी या, शुक्रवारी! उद्या पोळा, परवा मारबत."

वच्छलाबाई गर्दीतून म्हणे, "मंग गोळीचं कसं, भाऊ?"

"तेच. सांगतलं तेच. रक्त देईपर्यंत नाही."

मले म्हणाचं होतं की फक्त शुक्रवारी सकाळी नाही. पण मी म्हणलं ते मी म्हणलं. ती "बरं" म्हणाली अन् गेली. तिच्या "बरं"मध्ये मले काही ऐकू आलं नाही.

बुधवारी पोळा झाला. मी पुरणपोळ्या हाणल्या अन् झोपलो.

गुरुवारी मारबत. बाहेरगावच्या लोकायले सांगतो, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबतीचे मोठाले पुतळे निघते. लोक तिच्या मागं ओरडत जाते, रोगराई घेऊन जा, इडा पिडा घेऊन जा, अन् शेवटी तिले जाळून टाकते. मी पँट घालून निघालोच होतो. माझी बायको बेबी चहाचा कप ठेवत म्हणे, "तुमची थायरॉइडची गोळी तशीच पडली आहे. कालची बी."

मी ऐटीत म्हणलं, "तुले काय समजते वं? ही गोळी अंगात आठ दिवस राहते. सोडली तरी काही होत नाही. ती पट्टीतली वेगळी. ती जर का सोडली न, तं तीन दिवसात माणूस..."

अन् माझं तोंड तसंच उघडं राहिलं.

बेबी म्हणे, "काय झालं? माणूस काय?"

बाहेर ढोल सुरू झाला होता. मी बोटं मोजली. मंगळवार. बुधवार. गुरुवार. पुन्हा मोजली. मोजून कमी होते का पाह्यलं.

"बेबी," मी म्हणलं, "मी एका बाईले मारलं."

तिचा फोन लावला, लागेना. त्यायच्या गावात असंही रेंजचं नावच आहे, रेंज नाही. साहेबाले लावला. पह्यल्याच घंटीले उचलला. मी काय सांगतलं, कसं सांगतलं, मले आठवत नाही. साहेब म्हणे, "सुखदेव, नीट ऐकू दे मला. किती दिवस?"

"आज धरून तीन, साहेब."

मी "हॅलो, हॅलो" करत राहिलो.

"उलट्या सुरू झाल्या असतील," साहेब म्हणे. "दवाखान्याच्या कपाटात, वरच्या कप्प्यात इंजेक्शनच्या दोन बाटल्या आहेत. त्या घे आणि निघ. मी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात फोन करतो, ते गाडी पाठवतील. पण गाडी बाहेर असली तर तू पोचायला हवास. आणि सुखदेव..."

"जी?"

"मी तुला आत्ता काही बोलत नाही."

शिव्या देल्या असत्या तं मी एवढा भ्यालो नसतो.

दवाखान्यात गेलो, बाटल्या घेतल्या, बर्फ भरला, डब्यात घातल्या, डबा खांद्यावर, गाडीले किक. अन् महाल मोहल्ल्याकडून निघालो तं मारबतीच्या गर्दीत फसलो. पुढं माणसं, मागं माणसं, छपरायवर माणसं. गाडी पुढं जाईना, वळवता येईना. डोक्यावरून ते पुतळ्याचं मोठं डोकं हलत हलत येऊन राहिलं. लोक ओरडे, "रोगराई घेऊन जाऽ गे मारबत!" बाजूच्या माणसानं मले ढोसलं. "ओरड न बे, चूप काहून?"

मी ओरडलो. काय ओरडलो तं, "माझी चूक घेऊन जा गे मारबत!"

तो माणूस हसला. "जोरानं बोल, तिले ऐकू नाही गेलं!"

त्याच गर्दीत मले माझ्या टोप्या कळल्या. छाती अशी धडधडे का शर्टाची गुंडी हले. तोंडात जीभ लाकडाची. हातापायाले घाम. साहेब आत जे जे सांगे ते सारं माझ्या अंगात सुरू. मले वाटलं, पाहा, माझ्यात हा रस वाया जाऊन राहिला, अन् तिकडं तिच्यात थेंब नाही. ह्याच्यातला एक चमचा काढून डब्यात घालता आला असता तं किती बरं झालं असतं.

घंटाभर गेला त्या गर्दीत. मंग काटोलचा रस्ता. गाडी किती पळवली ते मले नका विचारू, सून टाइप करून राहिली अन् उद्या नातू हे वाचणार आहे. मधात दोनदा थांबून फोन लावला. लागेना. प्रत्येक गावाच्या वेशीवर पोट्टे लाकडाचे बैल घेऊन उभे होते, तान्ह्या पोळ्याचे. हात दाखवे, हसे. मी त्यायच्याकडं पाहो अन् मनात म्हणो, वच्छलाबाईनं आज रांधलं असन का? पोट्ट्यायले खाऊ देला असन का? असं काही ना काही चांगलं मनात आणत होतो, पण मनाले लगाम नव्हता. मधातच दिसे की अंगणात बाज उभी करून ठेवली आहे, माणूस गेल्यावर ठेवते तशी.

गावात शिरलो. तिचं घर मले माहीत नव्हतं, पण विचारावं नाही लागलं. एका घरासमोर भल्ली गर्दी. बाया, माणसं, पोरं. दारात झेंडूचे हार.

मी गाडी तिथंच आडवी पाडली. मी रस्त्याच्या कडेले बसलो, डबा मांडीवर घेऊन. आयुष्यभर तोंड चालवलं, अन् आता ह्या लोकायले काय म्हणू? कोण तुम्ही, म्हणन कोणी. मी म्हणीन, मी तो.

एक म्हातारी जवळ आली. "काहून बसला गा असा? पाणी देऊ का?"

मी म्हणलं, "माय, कधी गेली?"

"कोण?"

"वच्छलाबाई."

म्हातारीनं मले पायापासून डोक्यापर्यंत पाह्यलं. "तुझ्या तोंडात किडे पडो. वच्छी घरात निजून आहे. तिच्या अंगणात दरसाली पोरायचे बैल जमते. आज तिच्यानं उठवत नाही, म्हणून आम्ही खाऊ वाटून राहिलो."

हार लाकडाच्या बैलायच्या गळ्यातले होते. मी उठलो अन् पळालो.

आत अंधार. बाजेवर ती. हात लावला तं थंड, ओलसर. ओठ पांढरे, त्याच्यावर काळे डाग. देवरावजी उशाशी बसेल, हातात लिंबूपाण्याचा गिलास. "अरे भाऊ, तुम्ही कसे? कालपासून उलट्या करून राहिली. पोळ्याचं गोड बाधलं वाटते. मीठ मागे, पण शेजारचे म्हणे उलटीत मीठ नको, तं मी साखरेचंच देऊन राहिलो."

वच्छलाबाईनं डोळे उघडले. मले ओळखाले तिले वेळ लागला. मंग डब्याकडं पाह्यलं.

"रक्त घ्याले आले का, भाऊ?" आवाज विहिरीतून आल्यासारखा. "मी नाही घेतली. एक बी नाही."

मी डबा पाठीमागं घेतला.

सरकारी गाडी दुसऱ्या केसवर गेली होती. बाजूच्याचं संत्र्याच्या कॅरेटचं पिकअप होतं, त्याच्यात गादी टाकली अन् तिले ठेवलं. देवरावजीनं डोकं मांडीवर घेतलं, मी हात धरला. नाडी पाहावी म्हणलं. बाकावर बसून मी इतक्या लोकायच्या नाड्या पाहिल्या, मान हलवली, "ठीक आहे" म्हणलं. त्या पिकअपमध्ये मले समजलं की मले नाडी सापडतच नाही. अंगठा इथं लावो, तिथं लावो, काहीच लागत नव्हतं. ती नव्हती का मले येत नव्हती, हेच समजेना. देवरावजी दर खड्ड्यावर विचारे, "आहे न भाऊ?" मी म्हणो, "आहे, आहे." त्या दिवशी मी अंदाजानं "आहे" म्हणत होतो. म्हणजे रोजच्यासारखंच.

सरकारी दवाखान्यात एक डॉक्टर मॅडम दारातच उभी होती. साहेबाचा फोन तिच्याकडं येऊन गेला होता. तिनं सुई तयारच ठेवली होती. मी पुढं होऊन डबा उघडला. "मॅडम, इंजेक्शन! नागपूरहून आणलं."

तिनं एक बाटली उचलली. बर्फ पार वितळला होता. बाटलीवरचा कागद भिजून डब्याच्या तळाशी लगद्यासारखा बसेल. बाटली उघडी-बोडकी, नाव ना गाव.

"हे काय आहे?"

"तेच इंजेक्शन, मॅडम."

"हे बर्फात ठेवायचं नसतं. कोणी सांगितलं तुम्हाला बर्फात ठेवायला?"

"सवय आहे जी," मी म्हणलं.

तिनं बाटली बाजूले ठेवली अन् आपल्या कपाटातली घेतली. ते इंजेक्शन तिथंच होतं, कपाटात. मी जे खांद्यावर घेऊन जीव खाऊन पळत आलो ते त्यायच्याकडं आधीपासून होतं. तिथं आधी नव्हता तो फक्त ह्या बाईची गोळी कोणी बंद केली हे सांगणारा माणूस.

एक सुई, अन् सलाइन धो-धो. मी भिंतीले टेकून खाली बसलो. बीपीचं मशीन सूं करून फुगे अन् बसे. दर खेपी मी मॅडमच्या तोंडाकडं पाहो. भिवई वर गेली का, खाली आली का. नंबर पुकारून पुकारून मी लोकायच्या तोंडावर जी भीती पाहत होतो, आतून कागद काय येते म्हणून, ती भीती इतकी लांब असते हे मले माहीत नव्हतं. मी त्यायले जोक सांगत होतो न, वेळ जावा म्हणून.

दोनेक घंट्यानं खाटेवरून आवाज आला. "अहो, काहीतरी खारट द्या. भूक लागली."

मॅडम हसली. देवरावजी उठला अन् मी काही म्हणाच्या आधी माझ्या पायावर पडला. "भाऊ, तुम्ही देव हा. तुम्हाले नागपुरात बसून समजलं. आधी हातावरून ओळखलं, आता बिनहातानं ओळखलं!"

तवा बोलाचं होतं. मी चूप राहिलो. जन्मात पह्यल्यांदा मले चूप राहता आलं, ते बी नको तवा. गाववाल्यायनं मले चहा पाजला. लाकडाच्या बैलाचा एक हार माझ्या गळ्यात घातला. त्याच गाठवाल्या गळ्यात. मी तो हार घालून नागपूरपर्यंत आलो, कारण काढाले हात उचलत नव्हता.

साहेब परत आले. मी राजीनामा बेबीच्या भाचीकडून लिहून घेतला होता, तो पुढं ठेवला. साहेबांनी तो वाचला अन् घडी करून मले परत देला. "तुला काढलं तर नवा माणूस येईल, आणि तोही हेच वाक्य पाठ करेल. तू आता करणार नाहीस. चूक माझीही आहे, मी चिठ्ठी इंग्रजीत लिहिली." त्या दिवसापासून आमच्या दवाखान्यात पट्टीतल्या गोळीवाल्यायच्या कार्डाले लाल काठ आला, अन् मराठीत मोठ्या अक्षरात, "ही गोळी कधीही बंद नाही." मले वाचता येत नाही, पण लाल काठ मले येते. लाल कार्ड दिसलं का मी हात जोडून म्हणो, "आत विचारा. मले नका विचारू." लोक म्हणे, म्हातारा भाव खाऊन राहिला.

"पण एक गोष्ट," साहेब म्हणाले. "पंधरा दिवसांनी वच्छलाबाई येतील. काय झालं ते त्यांना तू सांगायचं. मी नाही सांगणार."

मी आता घरी बसतो. तरी पोळा जवळ आला का माझी झोप जाते. ढोल ऐकला का बोटं मोजली जाते, मंगळवार, बुधवार, गुरुवार. त्या टोप्या काही विसरत नाही. अन् कधी कधी वाटते, ह्या एका बाईचं मले समजलं म्हणून ती वाचली. ज्यायचं समजलंच नाही, अशा किती जणायले मी बाकावर बसून काय काय सांगतलं असन? त्यायच्या दारात मी गाडी घेऊन गेलोच नाही.

पंधरा दिवसांनी वच्छलाबाई आली. एकटी. रंग बराच उजळेल, हातात पिशवी, पिशवीत लोणच्याची बरणी. बाकावर बसली. मी तिच्या बाजूले बसलो, आवाज बारीक केला अन् सगळं सांगतलं. इंग्रजी चिठ्ठी, तीस माणसं, चार पावलं, सगळं. सांगता सांगता मी रडाले लागलो, बाकावरचे लोक पाहाले लागले.

तिनं सगळं ऐकलं. मंग म्हणे, "मले मंगळवारी एसटीतच शंका आली होती. साहेब म्हणे एक दिवस बी चुकाची नाही, अन् तुम्ही म्हणे कोणतीच नाही. मी म्हणलं, हातावरून रोग ओळखणारा माणूस आहे, त्याले माहीत असन."

मी म्हणलं, "बाई, मले शिव्या द्या. काहीतरी बोला. माफ तरी करा, नाहीतर चपलेनं तरी मारा."

तिनं बरणी मांडीवर नीट ठेवली. "माझा नंबर कितवा आहे, भाऊ?"

"सात."

"मंग सात म्हणा. त्याच्या पुढं एक शब्द नाही."